विश्लेषण : ६१७ अंकी संख्येचे कुलूप कधी तुटणार?

केवळ दोन मूळ संख्यांचा गुणाकार असलेली एक संख्या २००१ पासून जगासमोर उघडी पडून आहे. ती कोणीही वाचू शकतो, कागदावर उतरवू शकतो. मात्र त्या दोन मूळ संख्या कोणत्या, हे आजवर कोणालाही जाहीरपणे दाखवून देता आलेले नाही. ‘आरएसए-२०४८’ हे तिचे नाव. बँकांची संकेतस्थळे, डिजिटल स्वाक्षऱ्या आणि आधारची पडताळणी याच आकाराच्या संख्यांवर विसंबून आहे. क्वांटम संगणक ही संख्या फोडतील, असे इशारे गेली काही वर्षे सातत्याने दिले जात आहेत. त्यात तथ्य किती, घबराट किती आणि भारतासाठी त्याचा अर्थ काय, याचा आढावा.

ही संख्या नेमकी कोणती?

अमेरिकेतील आरएसए लॅबोरेटरीज या संस्थेने १९९१ मध्ये एक जाहीर स्पर्धा सुरू केली. मोठमोठ्या संख्यांची यादी प्रसिद्ध करायची आणि त्यांचे अवयव शोधणाऱ्याला बक्षीस द्यायचे, असे तिचे स्वरूप होते. २००१ मध्ये या यादीत नव्या संख्यांची भर पडली. त्यातील सर्वांत मोठी म्हणजे ‘आरएसए-२०४८’. संगणकाच्या द्विमान पद्धतीत लिहिल्यास ती २०४८ अंकांची होते, म्हणून हे नाव. आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीत ती ६१७ अंकी आहे. सुरुवात २५१९५९०८ अशी, शेवट २०७२०३५७ असा. आकाराने ती फार मोठी वाटत नाही. चार एसएमएसमध्ये सहज मावेल.

तिच्यावर दोन लाख डॉलरचे बक्षीस होते. २००७ मध्ये स्पर्धा बंद झाली आणि बक्षीसही मागे घेण्यात आले, तरी संख्या मात्र अभेद्यच राहिली. या संख्या ज्या संगणकावर तयार केल्या गेल्या तो कोणत्याही नेटवर्कला जोडलेला नव्हता आणि नंतर त्याची हार्ड डिस्क नष्ट करण्यात आली. म्हणजे खुद्द संस्थेकडेही उत्तर शिल्लक नाही.

तिच्याबद्दल काय ठाऊक आहे आणि काय नाही?

बरेच काही ठाऊक आहे. ती विषम आहे. शेवटचा अंक ७ असल्याने तिच्या दोन मूळ अवयवांच्या शेवटी एकतर १ आणि ७ असणार, नाहीतर ३ आणि ९. शेवटच्या ५७ या दोन अंकांवरून तिला ४ ने भागल्यास बाकी १ उरते. त्यामुळे दोन्ही अवयवांना ४ ने भागल्यावर सारखीच बाकी उरणार, दोन्हींना १ किंवा दोन्हींना ३. यांपैकी नेमके काय, हे मात्र बाहेरून कळत नाही.

ती मूळ संख्या नाही, हेदेखील तिच्या निर्मात्यांच्या शब्दावर विश्वास न ठेवता तपासता येते. एखादी संख्या मूळ आहे की संयुक्त, हे अवयव न शोधताच सांगणाऱ्या चाचण्या आहेत आणि साधा मोबाइलही ती चाचणी निमिषार्धात करतो. या क्षेत्रातील एक मूलभूत शोध भारतात लागला आहे. ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी ही तपासणी नेहमीच, नशिबावर काहीही न सोडता, वाजवी वेळेत करता येते, हे सिद्ध केले. त्यांना २००६ मध्ये संगणकशास्त्रातील प्रतिष्ठेचा गोडेल पुरस्कार मिळाला.

थोडक्यात, संख्येला अवयव आहेत हे कळणे सोपे, पण ते कोणते हे कळणे महाकठीण. आजच्या डिजिटल व्यवहारांतील सुरक्षेचा मोठा भाग या एका फरकावर उभा आहे.

गुणाकार सोपा, मग उलटा प्रवास अवघड का?

६७ आणि ७१ यांचा गुणाकार कोणीही कागदावर अर्ध्या मिनिटात करील. उत्तर ४७५७. आता हे अवयव माहीत नाहीत असे समजून ४७५७ चे अवयव शोधायला बसा. ३, ७, ११, १३ असे एकेका मूळ संख्येने भागत जावे लागते आणि यश मिळते ते ६७ वर पोहोचल्यावर. संख्या मोठी होते तसा गुणाकाराचा वेळ थोडासाच वाढतो. शोधाचा वेळ मात्र आवाक्याबाहेर जातो.

‘आरएसए-२०४८’सारख्या संख्येचे अवयव प्रत्येकी साधारण तीनशे आठ-नऊ अंकी असतात. एवढ्या मोठ्या मूळ संख्या किती? १ वर ३०५ शून्ये, साधारण इतक्या. दृश्य विश्वातील अणूंची संख्या १ वर ८० शून्ये इतकी मानली जाते. तेव्हा एकेक भागून पाहण्याचा मार्ग बंदच आहे.

येथे एक मेख आहे. अवयव शोधणे अवघडच आहे, असे गणिताने सिद्ध झालेले नाही. आजवर कोणाला सोपा मार्ग सापडला नाही, इतकेच खरे. उद्या एखादी नवी युक्ती निघालीच, तर तिला अडवणारे कोणतेही प्रमेय नाही.

या संख्येचे कुलूप कसे होते?

१९७७ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील रॉन रिव्हेस्ट, आदी शमीर आणि लेनर्ड एडलमन यांनी ही पद्धत मांडली. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ती ‘आरएसए’ झाली. ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेतील क्लिफर्ड कॉक्स यांना हीच कल्पना १९७३ मध्ये सुचली होती. पण ती १९९७ पर्यंत गोपनीय राहिली.

छोट्या संख्येवर ही पद्धत समजून घेता येते. ३ आणि ११ यांचा गुणाकार ३३. बँकेने ३३ ही संख्या आणि ३ हा घातांक जगजाहीर केला, असे समजा. ग्राहकाला ४ हा गुप्त अंक पाठवायचा आहे. तो ४ चा घन करतो, म्हणजे ६४. त्याला ३३ ने भागल्यावर बाकी ३१ उरते. वाटेत कोणी पाहिले तरी त्याला ३१ एवढेच दिसते. बँकेजवळ मात्र ७ हा गुप्त घातांक आहे. ३१ चा सातवा घात करून ३३ ने भागले की बाकी पुन्हा ४ येते. कुलूप उघडले.

हा ७ आला कोठून? दोन्ही अवयवांतून एकेक वजा करून २ आणि १० चा गुणाकार केला की २० मिळतात. जाहीर घातांक ३ ला ज्या संख्येने गुणल्यावर २० च्या भागाकारात बाकी १ उरेल, ती संख्या ७. म्हणजे अवयव माहीत असतील त्याला किल्ली मिळते. ३३ चे अवयव शाळकरी मूलही सांगेल. पण ३३ च्या जागी ६१७ अंकी संख्या ठेवली की कुलूप जगजाहीर असूनही किल्ली गुप्त राहते.

आजवर फोडण्यात कितपत यश आले?

ऑगस्ट १९७७ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील गणिताच्या सदरात १२९ अंकी संख्येचे आव्हान देण्यात आले होते. ती फोडायला ४० हजार लाख कोटी वर्षे लागतील, असा अंदाज तेव्हा दिला गेला. प्रत्यक्षात ती १७ वर्षांत फुटली. १९९४ मध्ये इंटरनेटवरून एकत्र आलेल्या सुमारे ६०० स्वयंसेवकांनी आपापले संगणक जुंपून हे काम आठेक महिन्यांत केले. १९९९ मध्ये १५५ अंकी संख्या फुटली. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्स व अमेरिकेतील संशोधकांनी २५० अंकी ‘आरएसए-२५०’ फोडली. त्यासाठी लागलेली गणनशक्ती संगणकाच्या एका प्रोसेसर गाभ्याने सलग सुमारे २,७०० वर्षे काम करण्याइतकी होती.

२५० वरून ६१७ अंक हे अंतर दिसते त्याहून फार मोठे आहे. आजच्या पद्धतीच्या कितीही संगणकांनी ते कापणे शक्य दिसत नाही. मात्र १९७७ चा अंदाज का चुकला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. संगणक वेगवान झाले हे एक कारण. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण म्हणजे अवयव शोधण्याचे गणित सुधारले.

संख्या मोठी असली म्हणजे पुरे का?

नाही. मूळ संख्या निवडताना गफलत झाली, तर ६१७ अंकांचाही उपयोग नाही. वरच्या ४७५७ कडे पुन्हा पाहा. ६९ चा वर्ग ४७६१. म्हणजे ४७५७ ही संख्या ६९ चा वर्ग वजा २ चा वर्ग आहे. शाळेतील सूत्र लावले की ६९ वजा २ आणि ६९ अधिक २, म्हणजे ६७ आणि ७१ हाती येतात. अवयव एकमेकांच्या अगदी जवळ असतील तर कितीही मोठी संख्या याच युक्तीने फुटते.

दुसरा धोका म्हणजे एकच मूळ संख्या दोघांनी वापरणे. २०१२ मध्ये संशोधकांच्या एका गटाने इंटरनेटवरील लाखो जाहीर किल्ल्या गोळा केल्या, तेव्हा दर हजारात साधारण दोन संख्या अशा निघाल्या की त्या अजिबात सुरक्षित नव्हत्या. दोन संख्यांत एक अवयव समान असेल, तर शाळेत शिकवला जाणारा मसावि काढला की दोन्ही कुलुपे क्षणात उघडतात. मूळ संख्यांचा तुटवडा नव्हता. त्या यादृच्छिकपणे निवडायला हव्या होत्या, ते काम काही उपकरणांनी नीट केले नव्हते.

याची सर्वांत महागडी किंमत एस्टोनियाने मोजली. तेथे ओळखपत्रातील चिपवर नागरिकांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या चालतात. या चिपमधील प्रणाली वेळ वाचवण्यासाठी विशिष्ट साच्यातील मूळ संख्या निवडत असल्याचे चेक प्रजासत्ताकातील मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांना आढळले. त्या साच्यामुळे अवयव शोधणे कल्पनेपेक्षा बरेच सोपे झाले होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये हा दोष जाहीर झाला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला एस्टोनियाने सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांची डिजिटल प्रमाणपत्रे स्थगित केली. कोणत्याही क्वांटम संगणकाशिवाय एका देशाची ओळख-यंत्रणा गणितातील आडवाटेमुळे अडचणीत आली.

क्वांटम संगणक वेगळे काय करतो?

१९९४ मध्ये बेल लॅब्जमधील गणितज्ञ पीटर शोर यांनी अवयव शोधण्याचा प्रश्न वेगळ्या प्रश्नात बदलला. २१ चे उदाहरण घ्या. २ चे घात करत जा आणि प्रत्येकाला २१ ने भागून बाकी लिहा : २, ४, ८, १६, ११, १. यानंतर पुन्हा २, ४, ८ असेच चक्र सुरू होते. हे चक्र सहा पावलांचे आहे. त्याच्या निम्म्यावर, म्हणजे तिसऱ्या पावलावर ८ आहे. ८ मधून १ वजा केला की ७ आणि मिळवला की ९. २१ शी ७ चा मसावि ७ आणि ९ चा मसावि ३. दोन्ही अवयव सापडले.

म्हणजे चक्राची लांबी कळली की कुलूप उघडते. ६१७ अंकी संख्येसाठी हे चक्रही अजस्र असते आणि आपले संगणक ते पावलापावलाने मोजू शकत नाहीत. क्वांटम संगणकातील ‘क्युबिट’ अनेक शक्यतांची सरमिसळ एकाच वेळी धरू शकतात आणि त्या लहरींप्रमाणे एकमेकांवर आदळून चक्राची लांबी उघड करतात. सगळी उत्तरे एकदम तपासून बरोबर उत्तर उचलणारे यंत्र, हा समज चुकीचा आहे. लपलेले आवर्तन ओळखणे हे त्याचे खरे बळ.

मग ‘आरएसए-२०४८’ किती दूर आहे?

२००१ मध्ये आयबीएमच्या शास्त्रज्ञांनी सात क्युबिटच्या साहाय्याने १५ चे अवयव ३ आणि ५ असल्याचे दाखवले. तेव्हापासून अधूनमधून ‘लष्करी दर्जाचे कूट फोडले’ अशा बातम्या येतात. त्यांतील संख्या बहुधा मोबाइल क्षणार्धात फोडेल इतक्या लहान असतात, किंवा उत्तर आधीच सोपे होईल अशा बेताने निवडलेल्या असतात. या प्रकाराची टर उडवत पीटर गुटमन आणि स्टीफन नॉयहाउस या संगणकतज्ज्ञांनी मार्च २०२५ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. असे ‘विक्रम’ त्यांनी १९८० च्या दशकातील घरगुती संगणक, अबॅकस आणि तीनदा भुंकणारा एक कुत्रा यांच्या मदतीने करून दाखवले. कुत्र्याचे तीनदा भुंकणे १५ आणि २१ या दोन्ही संख्यांना पुरते, कारण दोहोंचा अवयव ३ आहे.

परंतु थट्टेआडून दुसरी बाजू विसरता येत नाही. ‘आरएसए-२०४८’च्या आकाराची संख्या फोडायला किती क्युबिट लागतील, याचा अंदाज झपाट्याने खाली येत आहे. २०१९ मध्ये क्रेग गिडनी आणि मार्टिन एकेरो यांनी दोन कोटी क्युबिट आणि आठ तास, असा हिशेब मांडला होता. मे २०२५ मध्ये गूगलच्या गिडनी यांनीच तो सुधारला : दहा लाखांहून कमी क्युबिट आणि आठवड्याहून कमी वेळ. सहा वर्षांत गरज वीसपटीने घटली आणि ती घटली ती यंत्र न बदलता, निव्वळ गणित सुधारून. १९७७ च्या अंदाजाचे जे झाले, त्याचीच ही आठवण.

यंत्रे मात्र अजून मागे आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये गूगलने गाजावाजा करून सादर केलेल्या ‘विलो’ चिपमध्ये १०५ क्युबिट होते. शंभर आणि दहा लाख यांमधील दरी किती वर्षांत भरेल, यावर तज्ज्ञांत एकमत नाही.

कुलूप अजून शाबूत आहे, तर आजच घाई कशाला?

कारण चोर आज कुलूपबंद पेटी उचलून नेऊ शकतो आणि किल्ली हाती आल्यावर ती उघडू शकतो. आज नेटवर्कवरून जाणारी सांकेतिक माहिती साठवून ठेवायची आणि दहा-पंधरा वर्षांनी वाचायची, हा तो मार्ग. कॅनडातील गणितज्ञ मिशेल मोस्का यांनी यासाठी सोपा हिशेब सुचवला आहे. गुपित किती वर्षे टिकायला हवे आणि नवी कुलुपे बसवायला किती वर्षे लागतील, यांची बेरीज करा. ती बेरीज क्वांटम संगणक येण्यास लागणाऱ्या वर्षांहून जास्त असेल, तर उशीर आधीच झालेला आहे.

या हिशेबात प्रत्येक गुपित वेगळे ठरते. ओटीपीचे आयुष्य काही मिनिटांचे. तो पंधरा वर्षांनी कळला तरी बिघडत नाही. डेबिट कार्ड चार-पाच वर्षांत बदलते. मात्र रुग्णाचा वैद्यकीय इतिहास, राजनैतिक पत्रव्यवहार, संरक्षण खात्याचे आराखडे कित्येक दशके गुप्त राहावे लागतात. आणि बोटांचे ठसे तर आयुष्यभर बदलत नाहीत. पासवर्ड फुटला तर नवा घेता येतो, नवा अंगठा घेता येत नाही.

आधारची चर्चा येथे अपरिहार्य ठरते. मार्च २०१८ मध्ये आधार खटल्याच्या सुनावणीत आधार प्राधिकरणाच्या तत्कालीन प्रमुखांनी सर्वोच्च न्यायालयासमोर सादरीकरण केले. २०४८ बिटचे हे कूट फोडायला जगातील सर्वांत वेगवान संगणकालाही विश्वाच्या वयाहून अधिक काळ लागेल, असा त्यांचा दावा होता. नेहमीच्या संगणकांपुरता तो दावा आजही खरा आहे. पण क्वांटम संगणक प्रत्यक्षात आले, तर गिडनी यांच्या हिशेबाने विश्वाच्या वयाचे मोजमाप आठवड्यावर येते. बोटांचे ठसे पडताळणीसाठी पाठवताना माहितीला लावलेले मुख्य कूट ‘एईएस’ पद्धतीचे असते आणि त्याला क्वांटमचा तितका धोका नाही. परंतु त्या कुलुपाची किल्ली आरएसए पद्धतीच्या पाकिटात घालून पाठवली जाते. कच्चा दुवा तो आहे.

नवे कुलूप कोणते?

अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०१६ मध्ये जगभरातील गणितज्ञांकडून प्रस्ताव मागवले आणि १३ ऑगस्ट २०२४ रोजी पहिली तीन मानके प्रसिद्ध केली. त्यांतील दोन प्रमुख पद्धती ‘जाळी’च्या गणितावर बेतलेल्या आहेत. शेकडो मितींच्या जाळीत दिलेल्या बिंदूजवळचा गाठबिंदू शोधणे, हे त्यामागचे कोडे. शोर यांची युक्ती तेथे चालत नाही. ‘निस्ट’च्या नोव्हेंबर २०२४ मधील मसुद्यानुसार ‘आरएसए-२०४८’च्या ताकदीची कुलुपे २०३० नंतर टाळावीत आणि २०३५ नंतर बंद करावीत.

नवे म्हणजे भक्कमच, असेही नाही. स्पर्धेत पुढच्या फेरीपर्यंत पोहोचलेली ‘साइक’ नावाची पद्धत २०२२ मध्ये बेल्जियमच्या दोन संशोधकांनी साध्या संगणकाच्या एका गाभ्यावर सुमारे तासाभरात मोडून काढली. म्हणूनच अनेक ठिकाणी सध्या जुने आणि नवे अशी दोन्ही कुलुपे एकत्र लावली जातात. एक तुटले तरी दुसरे टिकावे, हा हेतू.

आकाराचीही अडचण आहे. २०४८ बिटच्या आरएसए स्वाक्षरीला २५६ बाइट पुरतात. ‘निस्ट’च्या मुख्य स्वाक्षरी पद्धतीच्या मधल्या श्रेणीला ३,३०९ बाइट लागतात. आधारपत्रावरील सुरक्षित क्यूआर कोडमध्ये आज २५६ बाइटची स्वाक्षरी असते आणि त्यामुळे तो इंटरनेटशिवायही तपासता येतो. सर्वांत मोठ्या क्यूआर कोडची क्षमता २,९५३ बाइट आहे. म्हणजे या श्रेणीची नुसती स्वाक्षरीही त्यात मावणार नाही. नाव, पत्ता आणि छायाचित्र तर दूरच. ‘फाल्कन’ या दुसऱ्या पद्धतीची स्वाक्षरी ६६६ बाइटमध्ये बसते. ‘निस्ट’ने तिचीही निवड २०२२ मध्ये केली आहे. कुलूप बदलायचे म्हणजे दारही बदलावे लागते, ते असे.

भारताची तयारी किती?

केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेस मंजुरी दिली. २०३०-३१ पर्यंतच्या या मोहिमेत ५० ते १००० क्युबिटचे संगणक बनवण्याचे उद्दिष्ट आहे. तिच्या चार केंद्रांपैकी क्वांटम संवेदन व मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईत आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये डीआरडीओची पुण्यातील तरुण शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा आणि मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी सहा क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली.

पण क्वांटम संगणक बनवणे आणि क्वांटम संगणकापासून बचाव करणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामासाठी क्युबिट लागत नाहीत. लागते ती यादी. कोणत्या खात्यात, कोणत्या बँकेत, कोणत्या यंत्रात कोणते कुलूप आहे, त्याची मोजदाद. ‘सर्ट-इन’ने जुलै २०२५ मधील श्वेतपत्रिकेत याच सज्जतेवर भर दिला. हे काम किचकट आहे. भारतातील डिजिटल स्वाक्षऱ्या आरएसए किंवा ‘एलिप्टिक कर्व्ह’ या दोन पद्धतींवर चालतात आणि शोर यांची युक्ती दोन्हींना लागू पडते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, कंपन्यांची विवरणपत्रे, न्यायालयीन कागदपत्रे यांवरील स्वाक्षऱ्या उद्या कोणालाही बनवता आल्या, तर प्रश्न गुपिताचा राहणार नाही, मालकीचा आणि पुराव्याचा होईल. ज्या कागदांचा आधार वीस-तीस वर्षांनी घ्यावा लागतो, त्यांना नवी स्वाक्षरी कधी आणि कोणी द्यायची, हे आताच ठरवावे लागेल.

मोबाइलधारकाने काय करावे?

घाबरून काही करण्याची गरज नाही. ‘सिग्नल’ने सप्टेंबर २०२३ मध्ये, तर ॲपलने आयमेसेजसाठी २०२४ मध्ये नवी क्वांटमरोधक कुलुपे बसवली. क्रोम ब्राउझरच्या डेस्कटॉप आवृत्तीतही ती २०२४ पासून आली आहेत. हे बदल वापरकर्त्यापर्यंत पोहोचतात ते अपडेटमधून. त्यामुळे फोन आणि ॲप अद्ययावत ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय. ज्या फोनला कंपनीकडून अपडेट येणे बंद झाले आहे, त्याला नवे कुलूपही मिळणार नाही.

आज लोकांचे पैसे जातात ते गणित फुटल्यामुळे नव्हे. बनावट फोन, ‘केवायसी’ची भीती आणि खोट्या लिंकद्वारे ओटीपी काढून घेतला जातो. चोर कुलूप फोडत नाही, मालकाकडूनच किल्ली मागून घेतो. त्यावर कोणतीही मूळ संख्या उपाय देऊ शकत नाही.

‘आरएसए-२०४८’चे दोन अवयव ज्या दिवशी जाहीर होतील, त्या दिवशी कोणाचेही बँक खाते रिकामे होणार नाही, कारण ती संख्या कोणाच्याही खात्याचे कुलूप नाही. ती केवळ सर्वांना दिसेल अशी खूण आहे. मात्र एवढी ताकद ज्याच्या हाती येईल, तो ती जाहीर करीलच असे नाही. त्यामुळे ही संख्या फुटल्याच्या बातमीची वाट पाहत बसणे परवडणारे नाही. बँका, खाती आणि प्राधिकरणे यांना कुलुपे बदलायची आहेत ती त्या बातमीच्या आधी.